पद्मिनी की मारुती ८००? दोन्हींची हॉर्सपॉवर सारखी, मग फरक कुठे पडतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गिरगावातल्या चाळीचा पुनर्विकास झाला, नव्या इमारतीत पार्किंग एकच मिळालं, आणि घरात गाड्या दोन. आजोबांची १९८४ ची प्रीमियर पद्मिनी आणि वडिलांची १९९४ ची मारुती ८००, कार्बोरेटरवाली (म्हणजे हवा-पेट्रोल मिसळायला जुन्या पद्धतीचं साधन असलेली), चार गिअरची, नंतर एसी बसवलेली. कागदावर दोन्हींची हॉर्सपॉवर चाळीसच्या आसपास. आत्या म्हणतात पद्मिनीत दम जास्त होता, वडील म्हणतात मारुतीसमोर पद्मिनी उभी राहत नाही. खरं कोणाचं, आणि ठेवायची कुठली?

माझं परळला गॅरेज आहे. पद्मिनीच्या टॅक्सींवर काम शिकलो आणि पुढची बरीच वर्षं मारुतीच उघडत आलो, त्यामुळे दोन्ही गाड्यांचा प्रत्येक नट ओळखीचा आहे. माझ्या मते आत्या आणि वडील दोघंही बरोबर बोलतायत. आत्यांना आठवते ती माणसांनी आणि सामानाने भरलेली, कोकणात निघालेली गाडी. वडिलांना आठवते ती एकट्याने ऑफिसला नेलेली गाडी. या दोन परिस्थितींत या दोन गाड्यांमधलं अंतर वेगवेगळं असतं, आणि ते आकड्यांतच दिसतं.

आधी इंजिन घेऊ. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसी, चार सिलिंडर. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ६८ मिलिमीटर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, ७५. मारुतीचं ७९६ सीसी, तीन सिलिंडर. बोअर ६८.५, स्ट्रोक ७२. हे आकडे शेजारी ठेवून बघा. एका सिलिंडरचा हिशेब केला तर पद्मिनीचा येतो २७२ सीसी आणि मारुतीचा २६५. म्हणजे भांडं जवळपास तेच, मारुतीकडे एक कमी, इतकंच. तरीही पद्मिनी साधारण ४० हॉर्सपॉवर देते आणि मारुती ३९.५. एक सिलिंडर कमी असून ताकद तेवढीच. लिटरमागे काढली तर पद्मिनीची ३७ च्या आसपास, मारुतीची ५० च्या घरात.

हे कशामुळे होतं? पद्मिनीचं इंजिन मुळात फियाट ११०० चं, म्हणजे रचना इटलीतली आणि दुसऱ्या महायुद्धाच्या आसपासच्या विचारांची. तिचा कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व उघडणारा दांडा, खाली ब्लॉकमध्ये, इंजिनाच्या मुख्य ओतीव भागात, असतो. तिथून पुशरॉड वर जातात, पुशरॉड रॉकर हलवतात, रॉकर व्हॉल्व उघडतात. एवढी सगळी वजनं वरखाली होत असली की इंजिन फार फिरवता येत नाही, म्हणून तिची पूर्ण ताकद ४८०० आरपीएमलाच (मिनिटाला ४८०० फेऱ्यांनाच) येऊन संपते. त्यात त्या काळच्या हलक्या ऑक्टेनच्या पेट्रोलवर चालावं म्हणून कॉम्प्रेशनही, म्हणजे सिलिंडरमधला दाबही, बेताचं ठेवलेलं. मारुतीत कॅमशाफ्ट वर हेडमध्येच, इंजिनाच्या वरच्या झाकणात, बसतो आणि पट्ट्याने फिरतो. मधले पुशरॉड गेल्यामुळे इंजिन मोकळेपणाने ५५०० पर्यंत चढतं आणि आपली ताकद तिथे देतं. एका मिनिटात जास्त वेळा पेट्रोल जाळलं की छोट्या इंजिनातूनही तेवढीच हॉर्सपॉवर निघते.

पण हॉर्सपॉवर हा आकडा इंजिन वर फिरवल्यानंतरचा. मुंबईत तुम्ही ५५०० आरपीएमवर कधी असता? लालबागच्या पुलाखाली दुसऱ्या गिअरमध्ये सरकताना इंजिन पंधराशे ते अडीच हजारावर असतं. तिथे कामाला येतो तो टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर. पद्मिनीचा टॉर्क ७१ न्यूटन-मीटरच्या आसपास, मारुतीचा ५९ च्या आसपास. इथे मोठं इंजिन आपलं मोठेपण दाखवतं. पद्मिनी तिसऱ्या गिअरमध्ये ताशी वीस-पंचवीसवर आली तरी न थरथरता पुन्हा उचलते. मारुतीला तिथे दुसरा टाकावा लागतो. तीन सिलिंडरचं इंजिन खालच्या आरपीएमला जो थरथराट करतं तो स्टेअरिंगपर्यंत येतो, आणि इंजिनाचे रबर माउंटिंग जुने झाले असतील तर दात वाजतील इतका येतो. माउंटिंग स्वस्त असतात, तेवढे बदलून घ्या, अर्धी तक्रार मिटेल.

आता या सगळ्यावर मात करणारा आकडा, वजन. पद्मिनी रिकामी ८९५ किलो. मारुती साडेसहाशेच्या आसपास. पाव टनाचा फरक आहे हा. एकट्या गाडीचं वजन धरलं तर टनामागे पद्मिनीला ४५ हॉर्सपॉवर मिळते आणि मारुतीला ६१. वडील रोज एकटे जायचे, त्यांना जाणवलेला फरक हाच. सिग्नल सुटला की मारुती पुढे आणि पद्मिनी आरशात.

आता दोन्ही गाड्यांत चार मोठी माणसं बसवा, सरासरी ६५ किलोची. दोन्हींवर सारखेच २६० किलो चढले. पण ८९५ वर चढलेले २६० आणि ६५० वर चढलेले २६० यात फरक आहे. पद्मिनी झाली ११५५, मारुती ९१०. टनामागे पद्मिनी ३५, मारुती ४३. मारुती अजून पुढे आहे, पण मघाशी ती छत्तीस टक्के पुढे होती, आता पंचवीस टक्के उरली. हाच हिशेब टॉर्कचा करून बघा. रिकाम्या गाडीला टनामागे पद्मिनीचा टॉर्क ७९, मारुतीचा ९१. भरलेल्या गाडीला पद्मिनीचा ६१, मारुतीचा ६५. अंतर जवळपास मिटलं. मागे कॅरिअरवर बॅगा, डिक्कीत आंब्याच्या पेट्या, मांडीवर दोन मुलं आणि वर एसी चालू केला की मारुतीची टॉर्कमधली ती उरलेली आघाडीही संपते, कारण एसीचा कॉम्प्रेसर चाळीसातल्या चार-पाच हॉर्सपॉवर सहज खातो. आत्या सांगतात तो दम खरा आहे. भरल्या गाडीतच तो जाणवतो.

म्हणून कुठल्याही दोन जुन्या गाड्यांची तुलना करताना नुसती हॉर्सपॉवर वाचू नका. ती आधी वजनाने भागा, आणि वजन म्हणजे ब्रोशरमधलं नव्हे, तुम्ही जितकी माणसं नेणार तितक्यांसकट. मग ती किती आरपीएमला मिळते ते पाहा. एवढं केलं तर निम्मे वाद घरातच मिटतात.

टॉप स्पीडच्या बाबतीत दोन्ही ताशी १२० च्या आगेमागे. यात नवल नाही. वेग वाढत गेला की गाडीला मुख्य अडथळा हवेचा होतो, वजनाचा कमी, आणि हवा कापायला लागणारी हॉर्सपॉवर दोघींकडे सारखी. आज या वयात कुठल्याही गाडीला त्या वेगाला नेऊ नका. ऐंशीच्या वर दोन्ही गाड्यांत तुम्हाला ऐकू येईल तो आवाज इंजिनाची विनवणी समजा.

इंजिनाची ताकद चाकापर्यंत कशी जाते यातही फरक आहे. पद्मिनीत इंजिन पुढे, चाकं फिरतात मागची. मधून प्रोपेलर शाफ्ट जातो, मागे डिफरन्शिअलमध्ये ताकद काटकोनात वळते, आणि प्रत्येक टप्प्यावर थोडी गळते. मारुतीत इंजिन आडवं, गिअरबॉक्स शेजारी, चाकं पुढचीच फिरतात. गळती कमी. शिवाय शाफ्ट नसल्यामुळे मधला उंचवटा नाही, म्हणून ३३३५ मिलिमीटरच्या एवढ्याशा गाडीत चार माणसं नीट मावतात. पद्मिनी ३९३० मिलिमीटर लांब, जवळजवळ दोन फूट मोठी, तरी मागच्या मधल्या माणसाचे गुडघे त्या उंचवट्यामुळे वरच. रुंदीत मात्र दोघींत दोन सेंटीमीटरचाच फरक आहे, तेव्हा गिरगावच्या गल्लीत शिरताना दोन्ही सारख्याच. वळवताना मारुती कितीतरी सोपी, तिची टर्निंग रेडियस ४.४ मीटर आहे. तुमच्या इमारतीत पार्किंग यांत्रिक, म्हणजे पॅलेटवर वर-खाली होणारं असेल तर लांबी आणि वजन दोन्ही बाबतींत मारुतीला प्रश्नच येणार नाही. पद्मिनीही बसेल, पण एकदा सोसायटीकडून पॅलेटची मापं लेखी घ्या.

चढावर मात्र मागची चाकं फिरवणाऱ्या गाडीची बाजू घ्यावी लागते. केम्प्स कॉर्नरहून मलबार हिलकडे भर पावसात निघा, किंवा जुन्या रस्त्याने खंडाळ्याचा घाट चढा. चढावर गाडीचं वजन मागे सरकतं. पद्मिनीची फिरणारी चाकं मागे, त्यांच्यावर दाब वाढतो, पकड वाढते. मारुतीची फिरणारी चाकं पुढे, त्यांच्यावरचा दाब कमी होतो, आणि ओल्या चढावर भरली गाडी उचलताना चाक जागच्या जागी फिरतं. सावकाश क्लच सोडला तर काही होत नाही, पण नवशिक्या हाताला ते कळत नाही आणि तो अजून रेस देतो.

गिअरबद्दल दोन शब्द. पद्मिनीचा गिअर स्टेअरिंगच्या दांड्यावर, चार गिअर, आणि पहिल्याला सिंक्रो, म्हणजे गिअरचे दात अलगद जुळवणारी रचना, नाही. म्हणजे गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकू नये, टाकला तर दात ओरडतात. ट्रॅफिकमध्ये सरकत्या गाडीला पहिला हवा असेल तर डबल क्लच, म्हणजे मधे न्यूट्रलला रेस देऊन क्लच दोनदा दाबणं, करावा लागतो. आजोबांनी ते न बोलता केलं असेल. तुम्हाला शिकावं लागेल. दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतच्या जोडण्यांचे, म्हणजे लिंकेजचे, बुश झिजले की दुसरा शोधताना रिव्हर्सच्या आसपास हात जातो, ते बुश बदलणं तासाभराचं काम आहे. मारुतीचे चारही गिअर सिंक्रोचे, खाली मधोमध दांडा, कोणीही पाच मिनिटांत शिकतं.

ब्रेक आणि स्टेअरिंग यांत वय दिसतं. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक, पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नाही, आणि थांबवायचं वजन पाव टन जास्त. पाय पूर्ण ताकदीने दाबावा लागतो. हिंदमाताला गुडघाभर पाण्यातून गाडी काढली की ड्रममध्ये पाणी राहतं, आणि पुढच्या सिग्नलला ब्रेक लागतच नाही. पाण्यातून बाहेर आल्यावर हळू चालवत पेडल हलकं दाबून ठेवायचं, ड्रम गरम होऊन पाणी उडून जातं. मुंबईत पद्मिनी चालवणाऱ्याने पावसाळ्याआधी हे कोणाकडून तरी शिकून घेतलेलं असावं. एका बाजूचा ड्रम ओला आणि दुसरा सुका राहिला तर गाडी ब्रेकवर बाजूला ओढते, हे अचानक कळलं तर घाबरायला होतं. स्टेअरिंग बॉक्स जुन्या पद्धतीचा, त्यात थोडा प्ले, म्हणजे सैलपणा, असतोच. दोन बोटं प्ले चालेल, चार बोटं असेल तर बॉक्स उघडायला हवा. मारुतीत रॅक अँड पिनियन, म्हणजे दातेरी पट्टी आणि चक्राचं साधं स्टेअरिंग, गाडी हलकी, स्टेअरिंग एका हाताने फिरतं.

खड्डे हा मुंबईचा वेगळा विषय. पद्मिनीचं चाक १४ इंची, मागे पाटे, पुढे विशबोन आणि कॉइल स्प्रिंग. मारुतीचं चाक १२ इंची. छोटं चाक खड्ड्यात पूर्ण उतरतं, मोठं चाक त्याच खड्ड्याच्या कडांवरून जातं. जड गाडी आणि मोठं चाक यामुळे पद्मिनीत मागच्या सीटवर बसणाऱ्याला सुख आहे, आणि सोफ्यासारखी सलग सीट असल्यामुळे म्हाताऱ्या माणसाला चढाय-उतरायलाही ती बरी. तुमच्या प्रश्नात आजींच्या गुडघ्यांचा उल्लेख आहे म्हणून हे मुद्दाम सांगतो. मारुतीत आधी खाली बसावं लागतं आणि मग उठावं लागतं. पण या सुखाची किंमत म्हणजे ग्रीसिंग. पद्मिनीच्या पुढच्या चाकांना किंगपिन, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या खिळी, आहेत, त्यांना वेळच्या वेळी ग्रीस मिळालं नाही तर ते बुशसकट झिजतात आणि मग गाडी खड्ड्यावर खडखडते, टायर एका बाजूने झिजतात. गाडी कमी चालते म्हणून ग्रीस टाळू नका. उभ्या गाडीत ते वाळतं.

आता ज्या गोष्टीने मुंबईत पद्मिनीला सगळ्यात जास्त छळलं ती सांगतो, उष्णता. तिचा रेडिएटरचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. गाडी ट्रॅफिकमध्ये उभी, इंजिन हळू, म्हणून पंखाही हळू, आणि नेमकी तेव्हाच हवा सगळ्यात जास्त हवी असते. मारुतीचा पंखा विजेवर, पाणी तापलं की आपोआप पूर्ण वेगाने सुरू होतो, इंजिन कितीही हळू असो. याच एका फरकामुळे मे महिन्यात सायनच्या ट्रॅफिकमध्ये पद्मिनी बाजूला उभ्या दिसायच्या आणि मारुती निघून जायच्या. त्यातून दुसरा त्रास म्हणजे व्हेपर लॉक. पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनालाच चिकटलेला. इंजिन तापलं की पंपातलं पेट्रोल तिथेच वाफ होतं, पंप वाफ ढकलू शकत नाही, गाडी बंद. टॅक्सीवाले पंपावर ओलं फडकं ठेवायचे ते याचसाठी, आणि तो उपाय खरोखर चालतो. कायमचा उपाय म्हणजे रेडिएटर रॉडिंग करून घेणं, म्हणजे त्याच्या नळ्या आतून साफ करणं, थर्मोस्टॅट तपासणं आणि पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून लांब नेणं.

गाडी तापल्यावर काय नुकसान होतं तेही समजून घ्या. दोन्ही गाड्यांचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. तापल्यावर दोन धातू वेगवेगळे फुगतात, हेड वाकडं होतं, दोघांमधलं सील, म्हणजे गॅस्केट, जातं. तापमानाचा काटा लाल झाला तरी "घरापर्यंत नेऊ" म्हणून चालवलेल्या गाड्या मी फार पाहिल्या आहेत. काटा चढला की लगेच बाजूला घ्या, इंजिन बंद करा, आणि रेडिएटरचं झाकण तासभर तरी उघडू नका.

पेट्रोलचा विषय हल्ली दोन्ही गाड्यांना सारखाच लागू झाला आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. या दोन्ही गाड्यांचे रबर, म्हणजे नळ्या, पंपाचा डायफ्रॅम, कार्बोरेटरचे ओरिंग, त्या पेट्रोलसाठी बनलेले नाहीत. ते फुगतात, मऊ होतात, तुकडे पडून जेटमध्ये, म्हणजे कार्बोरेटरच्या बारीक भोकात, अडकतात. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि गाडी महिनाभर उभी असेल तर ते पाणी टाकीच्या तळाला बसून पत्रा गंजवतं. जी गाडी ठेवाल तिच्या पेट्रोलच्या सगळ्या नळ्या नव्या पेट्रोलला चालणाऱ्या प्रतीच्या टाका, आणि गाडी उभी ठेवताना टाकी भरून ठेवा, म्हणजे आत दमट हवेला जागा राहणार नाही. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणून जुन्या सेटिंगवर मिश्रण पातळ होतं, म्हणजे त्यात हवा जास्त होते, आणि गाडी थोडी अडखळते, तापतेही. कार्बोरेटर ओळखणाऱ्या माणसाकडून जेट आणि मिक्स्चर पुन्हा लावून घ्या. असे हात आता कमी राहिलेत, पण आहेत.

अ‍ॅव्हरेज सुस्थितीतल्या पद्मिनीला शहरात दहा-बारा, मारुतीला एसीशिवाय चौदा-सोळा. पाव टन वजन दर सिग्नलला पुन्हा ढकलायचं म्हटल्यावर हे असंच असणार.

पार्ट्सच्या बाबतीत लोकांच्या डोक्यात अजून जुनी मुंबई आहे. पद्मिनी कुर्ल्याला बनायची, प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात. शहरभर तिच्याच काळ्या-पिवळ्या टॅक्सी. त्यामुळे ऑपेरा हाउसला किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडला गेलं की तिचा कुठलाही भाग संध्याकाळपर्यंत हातात यायचा. पद्मिनी बिघडत नाही असा जो लौकिक झाला तो खरं तर यामुळे झाला. ती बिघडायची, पण दोन तासांत पुन्हा रस्त्यावर यायची. उत्पादन थांबलं २००० च्या सुमारास, शहरातली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांची मुदत संपून बंद झाली, आणि टॅक्सी गेल्या तशी तिच्या पार्ट्सची रोजची मागणी गेली. आज इंजिनाचे पार्ट मिळतात, पण शोधावे लागतात. क्रोमच्या पट्ट्या, काचांचे रबर, दिव्यांच्या चांगल्या काचा, यांचे भाव शौकिनांच्या खिशाप्रमाणे लागतात. मारुती ८०० मात्र २०१४ पर्यंत बनली, आणि तिचंच ७९६ सीसीचं इंजिन ओम्नीतही होतं, जी २०१९ पर्यंत विकली गेली. तिच्या पिस्टन, रिंगा, क्लच प्लेट, वॉटर पंप कुठल्याही दुकानात मिळतील आणि पुढची बरीच वर्षं मिळत राहतील.

पत्र्याबद्दल एक गैरसमज आधी दूर करतो, कारण तुमच्या प्रश्नातही तो आहे. "पद्मिनीला चेसिस आहे म्हणून ती मजबूत" हे खरं नाही. पद्मिनीही मारुतीसारखीच मोनोकॉक आहे, म्हणजे बॉडी हीच तिची चेसिस. पत्रा जाड आहे एवढंच. जाड पत्रा गंजायला वेळ लागतो, आणि तो ठोकून, वेल्डिंग करून परत उभा करता येतो. मारुतीचा पत्रा पातळ, गंज लागला की वेल्डिंगची टोच लागताच भोक मोठं होतं. पण अपघातात जाड पत्रा वाचवतो असं मानू नका. धडकेचा जोर गाडीने मुरडून स्वतःत घ्यायचा असतो. तो विचार या दोन्ही गाड्यांच्या रचनेत नाही, आणि पद्मिनीत तो जोर थेट माणसांपर्यंत येतो. जी ठेवाल तिला पुढे-मागे चांगले सीटबेल्ट बसवून घ्या, तेही चांगल्या पत्र्यात, मागून जाड पट्टी लावून.

निर्णय याच पत्र्यावर व्हायला हवा. इंजिन दोन्हींचं पुन्हा बांधता येतं, गिरगावच्या खाऱ्या हवेत तीस-चाळीस वर्षं उभ्या राहिलेल्या बॉडीचं तसं नाही. दोन्ही गाड्या लिफ्टवर चढवा. मारुतीत पायाखालची मॅट काढून फ्लोअर बघा, दरवाज्याखालचे चॅनेल स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोका, मागच्या शॉकअबसॉर्बरचे टॉवर बघा, बॅटरीखालचा ट्रे बघा. पद्मिनीत मागचे पाटे जिथे बॉडीला लागतात ती जागा, जॅक लावायच्या जागा आणि डिक्कीतलं स्टेपनीचं खोलगट बघा. ठोकल्यावर टणटण आवाज आला पाहिजे. बद्द आवाज आला तर आत पुट्टी किंवा गंज आहे. मग दोन्हींची कॉम्प्रेशन टेस्ट करा, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजा. एका गाडीच्या सिलिंडरांत आपापसात दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नसावा. असला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा गेल्या, नाही वाढला तर व्हॉल्व. रिंगांचं काम मोठं, व्हॉल्व घासणं त्या मानाने लहान.

तुम्ही लिहिलंय की गाडी वडील आठवड्यातून तीन-चारदा ठाण्याला नेणार, महिन्यातून एकदा सगळे पेणला जाणार, आणि वडिलांचं वय सत्तरीच्या पुढे आहे. या वापराला माझं स्पष्ट उत्तर मारुती ८०० आहे. हलकं स्टेअरिंग, हलका क्लच, विजेचा पंखा, कुठेही मिळणारे पार्ट. सत्तरीच्या माणसाने ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर बूस्टर नसलेल्या चार ड्रमवर ९०० किलो थांबवत राहू नये. महिन्यातून एकदा पेणला जाताना भरल्या गाडीत एसी बंद ठेवून चढ चढावा लागेल, ते चालवून घ्या. एकच अट, फ्लोअर आणि चॅनेल ठणठणीत असले पाहिजेत. मारुतीचा तळ गेला असेल आणि पद्मिनीचा शाबूत असेल, तर मारुतीवर पैसे घालू नका. मग पद्मिनी ठेवा, तिचं ब्रेकचं आणि वर सांगितलेलं रेडिएटरचं काम करून घ्या, आणि ठाण्याच्या फेऱ्यांना लोकल धरा.

मारुती ठेवलीत तर पद्मिनी भंगारात घालू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मूळ इंजिन नंबर जुळणारी, एका हातातली पद्मिनी आता फार कमी उरली आहे, आणि तिला नीट ठेवणारी माणसं मुंबई-पुण्यात आहेत. टॅक्सीतून खासगी केलेल्या गाड्या बाजारात दिसतात, तशी तुमची नाही. पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या आणि मूळ स्वरूपात असलेल्या गाड्यांना २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. तुमची १९८४ ची, म्हणजे २०३४ ला ती पात्र होईल. घेणाऱ्याला हे सांगा, त्याला त्याची किंमत कळेल. फक्त आता कुठे काही बदलू नका. दांड्यावरचा गिअर काढून खाली बसवणं, डॅशबोर्ड कापून म्युझिक सिस्टीम लावणं, यातलं काहीही केलं तर ती किंमत जाते.

कागदांचं काम आजच सुरू करा. पद्मिनी अजून आजोबांच्या नावावर आहे आणि ते हयात नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. ती विकायची असो किंवा ठेवायची, आधी वारसाच्या नावावर करावी लागेल. त्यासाठी आरटीओत फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, आणि बाकी वारसांची, म्हणजे आत्यांचीही, संमती लागेल. पंधरा वर्षांनंतरची पुनर्नोंदणी दर पाच वर्षांनी करावी लागते आणि सोबत पर्यावरण कर भरावा लागतो. दोन्ही आरसी बुकांवरच्या मुदतीच्या तारखा तपासा. मुदत संपलेली असेल तर गाडी तपासणीला न्यायच्या आधी ब्रेक, हॉर्न, चारही इंडिकेटर आणि पीयूसी करून घ्या. इंजिन आणि चेसिस नंबर तारेच्या ब्रशने घासून वाचता येतील असे स्वच्छ करा, कारण तपासणीत पेन्सिलने त्यांचा ठसा घेतला जातो आणि गंजलेल्या नंबरावर काम अडतं.